महिना एकशे एकोणपन्नासपासून

गुडघा माझा होता, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे त्या गुडघ्यावर इतक्या लोकांनी पैसे मिळवले की तो नक्की कुणाच्या मालकीचा, याची मलाच शंका यायला लागली.

ऑक्टोबरात तळ्यातला लाकडी धक्का बाहेर काढताना तो गेला. उत्तर मिनेसोटात तळं गोठायच्या आत धक्का सुटा करून काठावर आणावाच लागतो, नाहीतर बर्फ त्याच्या काटक्या करतो. दरवर्षी मी आणि शेजारचा लायल हेगस्ट्रम मिळून आधी माझा धक्का काढतो, मग त्याचा. यंदा कमरेएवढ्या गार पाण्यात उभा राहून मी एक खांब उपटला, आणि खांबाबरोबर गुडघ्यातही काहीतरी उपटलं. आवाज लायलपर्यंत गेला.

"काही झालं का रे?" त्याने विचारलं.

"छे, काही नाही," मी म्हणालो आणि राहिलेले खांब उपटले. मग त्याच्याकडचेही उपटले.

आमच्या गावात 'नाही' आणि 'दुखतंय' हे दोन शब्द फार जपून वापरतात. कुणी कॉफी विचारली तर तीनदा नको-नको करायचं आणि चौथ्यांदा उपकार केल्यासारखी घ्यायची. चर्चच्या तळघरात कुणाच्या अंत्यविधीनंतर लिंबाच्या वड्यांचा ट्रे येतो, तो बघता बघता संपतो, पण शेवटची वडी कुणी उचलत नाही. जो येतो तो सुरीने तिचा अर्धा भाग घेतो. पुढचा त्या अर्ध्याचा अर्धा. असं करत करत नखाएवढा तुकडा उरतो, तो वाळून कडक होतो आणि दुसऱ्या दिवशी पाखरांना जातो. शेवटची वडी अख्खी उचलून तोंडात टाकणारा माणूस मी माझ्या अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात पाहिलेला नव्हता. अशा गावातल्या माणसाने गुडघा दुखतो म्हणून आरडाओरडा करावा, ही अपेक्षाच चूक आहे.

पण गुडघा मला हवा होता. नुसता चालायला नव्हे. लंगडत का होईना, माणूस चालतोच. मला तो कर्लिंगसाठी हवा होता. बर्फाच्या लांब पट्टीवर पार खाली बसायचं, एक पाय मागे ताणायचा आणि वीस किलोचा गुळगुळीत दगड हातातून अलगद सोडायचा, असा हा खेळ. मार्व्ह आमचा कप्तान. त्याच्या चौघांच्या संघात मी बावीस वर्षं दुसरा दगड सोडत आलोय. लायल आमचा राखीव गडी, म्हणजे बावीस वर्षं कुणाला सर्दी होते का, याची वाट बघणारा. फेब्रुवारीत क्लबाची मोठी स्पर्धा असते. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी एक काठी मिळते. उभ्याने दगड ढकलायचा. काठीला नियमांत पूर्ण मान आहे. लोकांच्या डोळ्यांत मात्र जो दिसतो, तो मान नव्हे.

डॉक्टरकडे का गेलो नाही, असं कुणीही विचारील. त्याचं उत्तर आमच्या विम्यात आहे. आमच्याकडे विमा काढला म्हणजे उपचार फुकट, असं नसतं. वर्षाला सात हजार डॉलर आधी स्वतःच्या खिशातून घालायचे, मग विमा कंपनी दारात येते. हा तिचा उंबरठा. एकतीस डिसेंबरला तो पुसला जातो आणि एक जानेवारीला नव्याने बांधला जातो. त्यामुळे आमची माणसं आजारीसुद्धा पंचांग बघून पडतात. एखाद्याचा उंबरठा मार्चमध्ये ओलांडला गेला, की तो उरलेल्या वर्षात घोरणं, मोतीबिंदू, पायाची कुरपं, सगळी दुरुस्ती उरकून घेतो.

यात माझी बायको आर्लिस हिचं मे महिन्यात पित्ताशय काढलेलं. त्या पिशवीवर इतके पैसे गेले होते, की त्याच वर्षी माझ्या गुडघ्याचं नाव काढणं मला शोभलं नसतं. आर्लिस शाळेच्या कार्यालयात बसते, साऱ्या नोकरवर्गाचे पगार आणि विमा बघते. आमचा विमाही तिच्याच नोकरीतून आहे. दिवसभर लोकांना विमा समजावून ती घरी येते, तेव्हा तिला त्या विषयावर एक शब्द नको असतो. मीही कधी काढला नाही. शहाण्या नवऱ्याने बायकोचा थकवा जपावा, असं मला वाटे.

तोडगा सुचवला लायलने. त्याचा उजवा गुडघा गेली दोन वर्षं कुरकुरत होता.

"अरे, पेप्टाइड घे, सांधा भरून काढणारं नवं औषध," तो कुंपणाशी येऊन, इकडेतिकडे बघत म्हणाला. "पोटात छोटीशी सुई. मी सप्टेंबरपासून घेतोय. फरक आहे."

"डॉक्टर लागत असेल ना?"

"सगळं फोनवर. व्हिडिओवर बोलायचं, औषध घरी येतं. महिना एकशे एकोणपन्नासपासून."

त्या क्लिनिकचं नाव मी सांगत नाही; त्यांच्याकडे वकील आहेत आणि माझ्याकडे गुडघाही नाही. पण त्यांच्या जाहिरातीतला 'पासून' हा शब्द मी आयुष्यात विसरणार नाही. एकशे एकोणपन्नास हा आकडा मी नीट वाचला होता. 'पासून' ही मला सुरुवात वाटली नव्हती, मला तो शेवट वाटला होता. तिथेच माझं शिक्षण कमी पडलं.

पहिल्या भेटीचे नव्व्याण्णव डॉलर वेगळे. ही भेट मी लाकडाच्या वखारीत, म्हणजे माझ्या नोकरीच्या जागी, मागच्या कोठारात दार लावून घेतली. पडद्यावर एक तरुण बाई, मागे ताडाचं झाड.

"हाय रोलंड!" ती म्हणाली. मला गावात सारे मिस्टर फॉसम म्हणतात, निदान तिच्या वयाचे तरी. "आज तुमच्या प्रवासाचा पहिला दिवस! गुडघा दाखवता का जरा?"

मी पँट वर करून पाय प्लायवुडच्या थप्पीवर ठेवला आणि फोन खाली धरला. "थोडा डावीकडे... थोडा उजेडात..." असं चाललेलं असताना मालक दार उघडून आत आले. एका हातात फोन, उघडी तंगडी थप्पीवर, आणि फोनमधून बाईचा आवाज, "सुंदर! आता जरा वाकवून दाखवा!" मालक काही बोलले नाहीत. आमच्याकडे कुणी काही बोलत नाही. त्यांनी खिळ्यांचा एक डबा उचलला, जो त्यांना नको होता, आणि दार अलगद ओढून घेतलं. पुढचे कितीतरी दिवस ते माझ्याशी बोलताना छताकडे बघत.

मग रक्ताची तपासणी, दोनशे वीस डॉलर. क्लिनिक ज्या प्रयोगशाळेला मानतं ती दीड तासावर, डुलुथ शहरात. गावातल्या दवाखान्यात रक्त काढणारी बाई गेली वीस वर्षं माझं रक्त काढतेय, पण ते रक्त त्यांना चालत नव्हतं. जाताना पहिला बर्फ पडला, गाडी चरात गेली आणि ओढून काढायला ट्रॅक्टरवाला बोलवावा लागला. तो खर्च पेप्टाइडचा धरायचा की हिवाळ्याचा, हे मी अजून ठरवलेलं नाही.

त्यानंतर कळलं की एकशे एकोणपन्नास हे सभासदत्वाचे. औषधाचे नव्हेत.

"म्हणजे मग हे एकशे एकोणपन्नास कशाचे?" मी फोनवर विचारलं. या वेळी टिफनी नावाची मुलगी होती. ती माझी 'सोबतीण' म्हणून नेमली होती.

"आमच्यापर्यंत पोहोचण्याचे, रोलंड!"

"आणि औषध?"

"दोनशे पंच्याऐंशीपासून!"

पुन्हा पासून. सुया आणि औषध कालवायच्या पाण्याची बाटली चाळीस. आणि थंड पेटीतून पाठवणीचे दर खेपेला पंचेचाळीस, कारण औषध गारच राहायला हवं. शिवाय तीन महिन्यांचे पैसे एकदम भरले तर 'बचत योजना' लागू होते. काय वाचतं, असं मी विचारलं. टिफनी म्हणाली, तुमचा निर्णय घेण्याचा त्रास वाचतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं आपण म्हणतो. इथे कोंबडीचे वेगळे, मसाल्याचे वेगळे आणि कोंबडीकडे बघण्याचेही वेगळे होते. मी सगळे भरले. नव्व्याण्णव एकदा दिले की पुढचे न देणं म्हणजे ते नव्व्याण्णव फुकट घालवणं, असा माझा हिशेब होता. मध्यमवर्गीय माणूस याच हिशेबाने बुडतो.

औषधाच्या बाटल्या मी तळघरातल्या फ्रीजमध्ये ठेवल्या, मासेमारीच्या गांडुळांच्या डब्यामागे. आर्लिस त्या कप्प्याला हात लावत नाही. रोज सकाळी मी तळघरात जाऊन पोटाची चिमूट धरून सुई टोचायचो. वर आलो की आर्लिस विचारायची, "काय करतोस रे खाली?" मी म्हणायचो, "गांडुळं बघतो." गोठलेल्या तळ्याच्या काळात कुणी रोज गांडुळं बघत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. पण तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

गुडघ्याला काय वाटत होतं, विचाराल तर काहीच नाही. जिना उतरताना तो आधीसारखाच करकरत होता. मी थांबलोही असतो, पण लायल. नोव्हेंबरात तो हरणाच्या शिकारीला म्हणून दहा-बारा दिवस गेला. हरीण काही मिळालं नाही, पण डिसेंबरात बघतो तर पठ्ठ्या फावड्याने अंगणातला बर्फ असा उडवतोय, जणू वीस वर्षांचा. कसलं लंगडणं अन् कसलं काय!

"कसं काय लायल?" मी खिडकीतून ओरडलो.

"बरं आहे!" तो म्हणाला, आणि लगेच दुसरीकडे बघून बर्फ उडवायला लागला.

मला वाटलं, नम्रता. त्याच्या गुडघ्याला पेप्टाइड लागू पडलं तर माझ्याही पडेल, माझा गुडघा जरा मठ्ठ असेल एवढंच. मनातल्या मनात मी त्याला दुवा दिला. तो आता मला परत हवा आहे.

डिसेंबरच्या पेटीची गोष्ट मात्र मी लोकांना सांगतो, कारण ती सांगताना निदान रडू येत नाही. पेटी आली तेव्हा आम्ही दोघं कामावर होतो. बाहेर पारा शून्याखाली अठ्ठावीस. पेटी दिवसभर पायरीवर. उघडून बघतो तर बाटली आतल्या औषधासकट गोठून तडकलेली, आणि तिच्याभोवती क्लिनिकने प्रेमाने रचलेल्या बर्फाच्या चार पिशव्या. आमच्या गावात डिसेंबरात बर्फ पाठवायचे त्यांनी माझ्याकडून पंचेचाळीस डॉलर घेतले होते.

"गोठलेल्या मालाची भरपाई नसते, रोलंड," टिफनी म्हणाली. "आमच्या पिशव्या योग्य तापमानाला होत्या. तुमचं राज्य नव्हतं."

मी नवी बाटली विकत घेतली. पुन्हा दोनशे पंच्याऐंशी, पुन्हा पंचेचाळीस. दुसरी पेटी यायची होती त्या दिवशी मी आजारी म्हणून रजा टाकली आणि खिडकीशी बसून राहिलो. पेटीची वाट बघायला माणसाने एका दिवसाचा पगार सोडला, तर तो कोणत्या रकान्यात घालायचा, तेही त्या जाहिरातीत नव्हतं.

ख्रिसमसच्या आधी शहाणपण सुचलं. योजना बंद करायला फोन केला. आता इथे तुम्ही म्हणाल, बंद कर म्हणायला काय लागतं? तुम्ही आमच्या गावचे नाही. टिफनी इतकी गोड बोलत होती! माझ्या गुडघ्याची चौकशी, आर्लिसची चौकशी, नाताळला घरी कोण कोण येणार, याची चौकशी. मी नको म्हणालो, तिने सवलत दिली. मी पुन्हा नको म्हणालो, तिने आणखी दिली. तिसऱ्यांदाही नको म्हणालो, आणि मग सवय आडवी आली. तीनदा नको झाल्यावर चौथ्यांदा तोंडातून 'नको' निघतच नाही.

"बघू, विचार करतो," मी म्हणालो.

"उत्तम! तुम्ही विचार करा, तोवर मी पुढचे तीन महिने योजना चालू ठेवते!"

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात किराणा दुकानात आर्लिसचं कार्ड चाललं नाही. मागे चर्चच्या पास्टरबाई उभ्या होत्या, त्यांनी लोण्याचे आणि पिठाचे पैसे दिले. आर्लिस घरी आली, पिशव्या ओट्यावर ठेवल्या, कोट काढला, हातमोजे एकावर एक ठेवले.

"फ्लोरिडात आपलं कोण आहे?" तिने विचारलं.

"फ्लोरिडात?"

"चौदाशे डॉलर घेतलेत कुणीतरी. आणि टिफनी कोण? परवा तुझ्या फोनवर आलेलं मी वाचलं. 'रोलंड, आम्हाला तुमची आठवण येतेय.'"

तेहेतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा माझ्यावर बाईचा संशय आला, आणि तो खरा असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं. त्यात निदान थोडी शोभा होती. मी तिला तळघरात नेलं, गांडुळांचा डबा सरकवला आणि सगळं सांगितलं. धक्क्यापासून तडकलेल्या बाटलीपर्यंत. मध्येच खुर्ची आणून मला बसवलं तिने, कारण मला उभं राहवेना. एकूण आकडा साडेतीन हजारांच्या वर गेला होता. ट्रॅक्टर आणि पगार न धरता.

तिने फ्रीजचं दार लावलं.

"डॉक्टरकडे का नाही गेलास?"

"तुझ्या पित्ताशयावर एवढे गेले होते. म्हटलं, त्याच वर्षात आणखी कशाला."

"त्याच वर्षात जायला हवं होतं, रोली." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "माझ्या ऑपरेशनने आपला उंबरठा मेमध्येच ओलांडला होता. घरातल्या सगळ्यांचा एकच असतो. डिसेंबरच्या शेवटापर्यंत तुझा गुडघा कुणीही दुरुस्त करून दिला असता. जवळजवळ फुकट."

"तू बोलली नाहीस."

"मला काय माहीत तुझा गुडघा दुखतोय? मी विचारलं, तू म्हणालास गांडुळं बघतोय."

भिंतीवरच्या कॅलेंडरचं पहिलं पान नवं कोरं होतं. सात हजार पुन्हा जसेच्या तसे. तेल गेलं, तूप गेलं, आणि धुपाटणं थंड पेटीतून आलं होतं.

"पण लायलला लागू पडलं ना," मी म्हणालो. कुठेतरी काहीतरी खरं असावं, असं फार वाटत होतं.

आर्लिसने माझ्याकडे बघितलं. कचेरीतल्या टेबलावर आलेलं घरी आणायचं नाही, असा तिचा नियम आहे. लायल शाळेची बस चालवतो, त्याचा विमाही तिच्याच टेबलावर. तो नियम तिने त्या दिवशी मोडला. माझी दया आली असावी.

"त्याने दुर्बिणीतून छोटं ऑपरेशन करून घेतलं. नोव्हेंबरात. हरणाच्या शिकारीला म्हणून गेला ना, तेव्हा. त्याच्या बायकोच्या पाठीमुळे त्यांचाही उंबरठा ओलांडलेला होता. मीच सांगितलं, वर्ष संपायच्या आत उरकून घे."

"तू सांगितलंस? लायलला?"

"तो विचारायला आला होता," ती म्हणाली.

जानेवारीच्या शेवटी मार्व्हचा फोन आला. हवा कशी आहे, गाडी सुरू होते का, असं बराच वेळ बोलून तो म्हणाला, "रोलंड, स्पर्धेला यंदा वड्या आणशील का रे? आर्लिसच्या हातच्या लिंबाच्या." खेळणाऱ्याला आमच्याकडे कुणी खाऊ आणायला सांगत नाही. बावीस वर्षांत मला सांगितला नव्हता. मी म्हणालो, "आणतो की." काठीचं नावसुद्धा त्याने काढलं नाही, एवढी त्याची माया.

स्पर्धेच्या दिवशी मी काचेमागे बसलो, मांडीवर ट्रे. माझ्या जागी लायल. पार खाली बसला, पाय मागे ताणला, दगड सोडला. सुरेख सोडला. मला वाईट वाटलं म्हणणं पुरेसं नाही. त्याचा गुडघा तिथल्या तिथे निखळावा, असं मला वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली नाही.

सामना जिंकून ते सगळे आत आले. वड्या भराभर संपल्या. शेवटची एक उरली आणि सगळे नेहमीसारखे ट्रेपासून एक पाऊल मागे सरले. लायल कागदी बशी घेऊन माझ्याजवळ आला.

"गुडघा कसा आहे रे?" त्याने बशीकडे बघत विचारलं.

"तसा बरा आहे," मी म्हणालो.

"दुखतो त्याला," आर्लिस शेजारून म्हणाली. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "जिना उतरताना रडू येतं त्याला. तुझं ऐकून सुया टोचत होता. तू डॉक्टरकडे जाऊन आलास आणि एका शब्दाने बोलला नाहीस."

लायलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मीच सांगितलं होतं ना घे म्हणून," तो हळूच म्हणाला. "मग कसं सांगणार?" सवयीने त्याने सुरी उचलली आणि शेवटच्या वडीचा अर्धा भाग कापायला वाकला. दुरुस्त गुडघ्यावर छान वाकला.

मी हात घातला आणि सुरीखालून वडी उचलली. अख्खी. तिथेच, मार्व्हसमोर, पास्टरबाईंसमोर, तोंडात टाकली आणि सावकाश चावली. आंबट होती. मी गिळली, बोटं चाटली आणि रिकामा ट्रे आर्लिसच्या हातात दिला.